तक्रार न करणारा रोग

अंग दुखूं लागलें कीं मनुष्य डॉक्टरचें दार ठोठावतो. परंतु वाढलेला रक्तदाब बहुधा कसलीच तक्रार करीत नाहीं. म्हणून या रोगाचा इतिहास जितका औषधांच्या शोधाचा, तितकाच स्वतःस निरोगी समजणाऱ्या मनुष्यास दवाखान्याच्या वाटेवर टिकवून धरण्याचा आहे, असें आम्हांस वाटतें.

इटलींतील रिव्हा-रोच्ची यांनीं १८९६ मध्यें दंडास पट्टा बांधून पाऱ्यावर दाब मोजण्याचें यंत्र सिद्ध केलें. १९०५ मध्यें रशियांतील कोरोत्कोव्ह यांनीं धमनीवर नळी ठेवून ऐकूं येणाऱ्या ध्वनींवरून वरचा व खालचा असे दोन्ही आंकडे ठरविण्याची रीत दाखविली. माप मिळालें, उपाय मात्र मिळाला नाहीं. उलट, वाढलेला दाब ही शरीराची गरजच असावी, असें कित्येक नामांकित डॉक्टर समजत. मार्च १९४४ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब १८६/१०८ भरला. एवढ्या सत्ताधीशाचा दाब खरोखर उतरवील असें औषध त्यांच्या डॉक्टरांपाशीं नव्हतें. १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंतील रक्तस्रावानें त्यांचा अंत झाला.

पुढचें पाऊल आपल्याच देशांत पडलें. सर्पगंधेची मुळी रक्तदाबावर गुणकारी असल्याचें सेन व बोस यांनीं १९३१ मध्येंच लिहिलें होतें. परंतु जगाचें लक्ष तिच्याकडे वेधलें तें मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ मध्यें ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें आपला अनुभव मांडला तेव्हां. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडमधील संशोधकांनीं त्या मुळींतून रेसर्पीन हें सत्त्व वेगळें काढलें.

तरीहि औषधानें आंकडा उतरतो, पण आयुष्य वांचतें काय, हा प्रश्न उरलाच. त्याचें उत्तर अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. फ्रीस व त्यांचे सहकारी यांनीं १९६७ मध्यें दिलें. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकीं ७३ जणांस त्यांनीं खरीं औषधें दिलीं, व त्यांत सर्पगंधेचें तें सत्त्वहि होतें. उरलेल्या ७० जणांस तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या दिल्या. दुसऱ्या गटांत २७ जणांवर गंभीर आपत्ति ओढवली. पहिल्यांत अवघ्या दोघांवर.

या प्रयोगांतील एक गोष्ट आम्हांस विशेष बोधप्रद वाटते. हे रोगी आपापल्या घरीं राहून ठरल्या दिवशीं तपासणीस येत. प्रारंभीं त्यांच्या उरलेल्या गोळ्या मोजून पाहिल्या जात, आणि जे नियम पाळीत नसत त्यांस प्रयोगांत घेतलेंच नाहीं. म्हणजे जो विजय सिद्ध झाला, तो औषधाचा खराच. पण नियमानें औषध घेणाऱ्यांच्या बाबतींतला!

रेसर्पीननंतर अधिक सौम्य औषधें आलीं. रूझवेल्ट यांस जें लाभलें नाहीं, तें आज गल्लींतील औषधांच्या दुकानांत मिळतें. आणि आमच्या घरांतील वडील माणसें मात्र, “आतां बरें वाटतें, मग गोळी कशाला?” असें म्हणून डबी फडताळांत ठेवून देतात. बरें वाटणें हें या रोगांत बरें होण्याचें लक्षण नव्हे, एवढें त्यांस पटवून देणें हें काम कोणत्याहि मुळीचें किंवा सत्त्वाचें नाहीं. तें त्यांच्या शेजारीं बसणाऱ्या आपणां सर्वांचें आहे.