आकारिक मूल्यमापन

आकारिक मूल्यमापन म्हणजे अध्यापन चालू असतानाच विद्यार्थ्याला काय समजले व काय समजले नाही याचा शोध घेऊन त्यानुसार पुढील अध्यापनात बदल करण्याची प्रक्रिया होय. सत्र किंवा वर्ष संपल्यावर विद्यार्थ्याची संपादणूक ठरविणाऱ्या मूल्यमापनास संकलित मूल्यमापन म्हणतात. एकच चाचणी या दोन्ही कामांसाठी वापरता येते. मिळालेल्या माहितीचा उपयोग कशासाठी होतो, यावर तिचा प्रकार ठरतो.

इतिहास

आकारिक व संकलित हा भेद मायकेल स्क्रिव्हेन यांनी १९६७ मध्ये शैक्षणिक कार्यक्रमांच्या मूल्यमापनासंदर्भात मांडला. बेंजामिन ब्लूम यांनी तो विद्यार्थ्यांच्या अध्ययनास लागू केला. रूथ बटलर यांच्या १९८८ मधील अभ्यासात, केवळ लेखी अभिप्राय मिळालेल्या विद्यार्थ्यांची प्रगती केवळ गुण मिळालेल्यांपेक्षा, तसेच गुण व अभिप्राय दोन्ही मिळालेल्यांपेक्षा अधिक आढळली. पॉल ब्लॅक व डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये या विषयावरील संशोधनाचा व्यापक आढावा प्रसिद्ध केला. त्यानंतर ही संकल्पना अनेक देशांच्या शैक्षणिक धोरणांत आली.

वर्गातील स्वरूप

वजाबाकी शिकविताना ५२ मधून २७ वजा करण्यास सांगितले असता काही मुले ३५ असे उत्तर लिहितात. ही चूक निष्काळजीपणाची नसते. एकक स्थानी २ मधून ७ जात नाहीत म्हणून मूल ७ मधून २ वजा करते. उत्तरावर केवळ फुली मारल्यास हे कारण लपून राहते. ‘हे उत्तर कसे काढलेस?’ असे विचारल्यास ते उघड होते. मग दहा-दहा काड्यांचे गठ्ठे व सुट्या काड्या देऊन, एक गठ्ठा सोडल्यावर दहा सुटे कसे मिळतात हे दाखविता येते. कारण शोधणे, उपाय करणे व पुन्हा पडताळणे ही साखळी पूर्ण झाली, तरच ते मूल्यमापन आकारिक ठरते.

महाराष्ट्रातील अंमलबजावणी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २९ मध्ये सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापनाची तरतूद आहे. त्यानुसार महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाद्वारे पहिली ते आठवीसाठी ही पद्धती लागू केली. त्यातील भारांश पुढीलप्रमाणे आहेत :

• पहिली व दुसरी : आकारिक ७० टक्के, संकलित ३० टक्के
• तिसरी व चौथी : आकारिक ६० टक्के, संकलित ४० टक्के
• पाचवी व सहावी : आकारिक ५० टक्के, संकलित ५० टक्के
• सातवी व आठवी : आकारिक ४० टक्के, संकलित ६० टक्के

दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य ही आकारिक मूल्यमापनाची साधने होत. स्वयंमूल्यमापन व सहाध्यायी मूल्यमापन यांनाही त्यात स्थान आहे. शिक्षकाने गुणांबरोबर वर्णनात्मक नोंदी ठेवणे अपेक्षित असते. केंद्रीय कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्याने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा सुरू केली.

हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके होत. जिल्ह्याची अर्थव्यवस्था मुख्यतः शेतीवर अवलंबून आहे. मराठवाड्याच्या इतर भागांप्रमाणे येथूनही काही कुटुंबे ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतात. हा हंगाम साधारणपणे दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे शालेय वर्षाचा जवळजवळ अर्धा काळ त्यात जातो. गावी राहू शकणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची, तर पालकांबरोबर जाणाऱ्यांसाठी शिक्षण हमी पत्रकाची योजना आहे.

अशा मुलाबाबत सत्राअखेरची परीक्षा फारसे सांगू शकत नाही. परीक्षेच्या वेळी ते गैरहजर असते किंवा न शिकविलेल्या भागावर त्याची परीक्षा होते. याउलट ‘बिनहातच्याची वजाबाकी येते, हातच्याची येत नाही’ अशी नेमकी नोंद असल्यास, ते ज्या शाळेत जाईल तेथील किंवा परतल्यावर मूळ शाळेतील शिक्षकाला पुढे कोठून सुरुवात करावी हे कळते.

बंजारा तांड्यांवरील मुलांची घरची बोली प्रमाण मराठीहून वेगळी असते. लेखी उत्तर चुकले तर आशय समजला नाही की प्रश्नाची भाषा समजली नाही, हे तोंडी कामातून व कृतीतून वेगळे करता येते.

मर्यादा

आकारिक मूल्यमापनास गुणांचा भारांश दिल्याने ते नोंदी भरण्यापुरते उरण्याचा धोका असतो. ठरावीक शब्दांतील वर्णनात्मक नोंदी सर्व मुलांसाठी सारख्याच लिहिल्या गेल्यास त्यांचा अध्यापनासाठी उपयोग होत नाही. एकाच शिक्षकाकडे दोन किंवा अधिक इयत्ता असलेल्या लहान शाळांत प्रत्येक मुलाकडे लक्ष देण्यास वेळ कमी पडतो. तेथे रोज मोजक्या मुलांचे निरीक्षण करणे व अडचण सारखी असलेल्या मुलांचे तात्पुरते गट करणे हे व्यवहार्य मार्ग ठरतात.