धर्म काय मागतो?

आमच्या शहराला दोन नावं आहेत. १४९० साली बहमनी फौजेचा पराभव करून स्वतंत्र झालेल्या अहमद निजामशहानं भिंगारजवळ हे शहर वसवलं, म्हणून ते अहमदनगर. २०२४ मध्ये ते अधिकृतपणे अहिल्यानगर झालं, ते याच जिल्ह्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांच्या नावावरून. मी मुसलमान, आणि कविता मराठीत लिहितो. त्यामुळं नामांतराच्या काळात मला हमखास विचारलं जायचं, ‘तुम्ही कोणत्या बाजूचे?’ मला वाटतं, बाजू घेण्याआधी या दोन्ही नावांमागचा इतिहास बघावा. राज्यकारभारात धर्म कसा येतो आणि लोकांच्या कामात कसा येतो, हे शिकायला आमचा जिल्हा चांगली शाळा आहे.

आधी निजामशाहीकडे बघू. अहमदशहाचे वडील मूळचे पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातले, असं फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. अहमदशहाचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा. त्याचा एक पेशवा ब्राह्मण होता. १५३७ साली, इराणहून आलेल्या शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावानं बुऱ्हाणशहानं शिया पंथ स्वीकारला. आजारी मुलगा बरा झाला, हे त्याचं निमित्त झालं असं फिरिश्ता लिहितो. इथवर ती एका बापाची श्रद्धा होती. पण शहानं लगेच खुतबाही बदलला. खुतबा म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन. त्यात कुणाची नावं घ्यायची, यावर राज्याचा पंथ ठरे. झालं, शहर पेटलं. संतापलेला जमाव किल्ल्यावर चालून गेला.

पुढं १५८९ मध्ये जमालखान या सरदाराच्या हाती सत्ता आली आणि महदवी पंथ राज्याचा झाला. त्याच वर्षी शहरात परदेशी मुसलमानांची कत्तल झाली. फिरिश्ता तेव्हा नगरलाच होता, तो विजापूरला निघून गेला. १५९१ मध्ये दुसऱ्या बुऱ्हाणशहानं जमालखानाचा पाडाव केला आणि पुन्हा शिया पंथ आला. म्हणजे ५४ वर्षांत राज्याचा पंथ तीनदा बदलला! दक्खनी, परदेशी आणि हबशी सरदारांची भांडणं होतीच, सगळा दोष पंथाच्या माथी मारता येणार नाही. पण त्या भांडणात पंथ हे हत्यार झालं. एका गटानं तर मोगलांनाच बोलावून घेतलं. १५९५-९६ मध्ये चांदबीबीनं किल्ला लढवला. १६०० साली मात्र मोगलांशी संगनमत केल्याच्या संशयावरून तिच्याच माणसांनी तिला मारलं आणि किल्ला पडला. मारणारे आणि मरणारी, दोघंही कलमा पढणारेच.

आता दुसरं नाव. अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वरहून राज्य केलं. १७८० च्या सुमारास काशी विश्वनाथाचं मंदिर बांधलं, देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा उभारल्या. या दानधर्माचा मोठा भाग होळकरांच्या ‘खासगी’तून, म्हणजे घराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नातून होत असे. श्रद्धा स्वतःची, तर तिचा खर्चही स्वतःच्या पदरचा. शिवाय घाटावर आणि विहिरीवर येतो तो तहानलेला माणूस. त्याला आधी पाणी लागतं.

बुऱ्हाणशहा आणि अहिल्याबाई, दोघंही श्रद्धावान. फरक कुठं? मला तो एका प्रश्नात दिसतो. धर्माच्या नावानं मी दुसऱ्याकडून काही मागतो, की धर्म माझ्याकडून काही मागतो?

नगरच्या किल्ल्यानं या प्रश्नाचं एक उत्तर पाहिलं आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथं स्थानबद्ध झाले. नेहरूंनी इथं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्यांच्यासोबत मौलाना अबुल कलाम आझाद होते, काँग्रेसचे अध्यक्ष आणि कुराणाचे मोठे भाष्यकार. मार्च १९४० मध्ये लाहोरला मुस्लीम लीग वेगळ्या राज्यांचा ठराव करत होती. त्याच आठवड्यात आझादांनी रामगडच्या अधिवेशनात सांगितलं होतं की, मला माझ्या मुसलमान असण्याचा अभिमान आहे आणि अखंड भारतीयत्वाचाही. नगरच्या किल्ल्यात असताना त्यांच्या पत्नी कलकत्त्यात अत्यवस्थ झाल्याचं कळलं. सरकारला काही कळवायचं असेल तर पाठवतो, असं तुरुंगाधिकाऱ्यानं सुचवलं. मला सरकारकडं काही मागायचं नाही, एवढंच आझाद म्हणाले. एप्रिल १९४३ मध्ये पत्नी वारल्या, अखेरची भेट झाली नाही. हा सल त्यांनी ‘गुबार-ए-खातिर’ या पत्रसंग्रहात लिहून ठेवला आहे. धर्मानं त्यांना दिलेलं बळ अशा वेळी दिसतं.

किल्ल्यातून आता पारनेर तालुक्यात येऊ. १९७५ मध्ये लष्करातून निवृत्त झालेले अण्णा हजारे राळेगणसिद्धीला परतले. त्यांनी स्वतःची शिल्लक घालून यादवबाबांचं पडकं देऊळ दुरुस्त करायला घेतलं. मग लोक हळूहळू हात लावू लागले. त्याच देवळात बसून गावानं दारूच्या भट्ट्या बंद करायचं ठरवलं, श्रमदानातून नालाबांध उभे राहिले, विहिरींना पाणी आलं. सरकारी योजना तर गावोगाव होत्या. इथं देवळानं गावाला एकत्र बसायला जागा दिली आणि दिलेला शब्द पाळायची भीड घातली. पण याच गावात दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून मारलंही जाई. खुद्द अण्णांनीच ते सांगितलेलं आहे. देणारा धर्म दंड देणारा कधी होतो, हे त्या धर्मालाही कळत नाही.

म्हणून धर्माच्या शेजारी कायदा हवा. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर महिलांना बंदी होती. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मंदिर प्रवेशाच्या १९५६ च्या कायद्यावर बोट ठेवलं आणि त्या वर्षी गुढीपाडव्याला चौथरा महिलांना खुला झाला. मागणं वाईट नाही, मंडळी. पण हक्क मागायचा तो नागरिक म्हणून, सर्वांना सारख्या असलेल्या कायद्याच्या आधारानं.

आज हा प्रश्न माझ्या जवळच्या जागेपाशी येऊन ठेपला आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद म्हणजे मुसलमान घरात जन्मलेले, ‘योगसंग्राम’ लिहिणारे मराठी संतकवी. मराठीत लिहिणाऱ्या आम्हा मुसलमानांचे ते मूळपुरुष. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे त्यांना मानत. नगरच्या शाह शरीफ दर्ग्याच्या नवसानं झालेल्या आपल्या मुलांची नावं मालोजींनी शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. त्या शेख महंमदांचं स्थान मंदिर की दर्गा, यावर आता वाद आहे. २०२५ मध्ये जीर्णोद्धारासाठी गावात आंदोलनही झालं.

मालकीचा कागद कुणाचा, हे कायद्यानं ठरवावं, त्यासाठी रस्त्यावर एकमेकांना ललकारायची गरज नाही. दगड-माती उचलायला मात्र कुठल्याच निकालाची वाट पाहावी लागत नाही. श्रीगोंद्याच्या दोन्ही समाजांनी तिथं एक दिवस श्रमदानाला यावं, इतकं मला वाटतं. मला बोलावलं तर पाटी उचलायला मीही येईन.