डिस्क्रीट मॅथ्स: सूत्र नसलेला पेपर आणि ऑयलरचा अंदाज

बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंगला असाल, तर डिस्क्रीट मॅथ्सशी तुमची गाठ पडली असेल, नाहीतर पडणार आहे. आधी संच, मग तर्कशास्त्र, मध्येच मोजणी, पुढं ग्राफ, शेवटी ग्रुप. एकाचा दुसऱ्याशी काय मेळ, कळत नाही. लातूर-नांदेडच्या क्लासेसमधून बारावी काढलेल्यांना तर आणखी एक धक्का बसतो. इथं सूत्र लावून उत्तर काढायचं नसतं, ‘सिद्ध करा’ म्हणतात. बारावीला भरपूर मार्क पडलेली मुलंसुद्धा मग ‘आपल्याला गणित येतच नाही’ असं ठरवून मोकळी होतात. माझं संशोधन याच विषयाच्या इतिहासाला लागून आहे, म्हणून हा लेख.

आधी त्या खिचडीचं बघू. ती ठरवून शिजवलेली आहे. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेनं पदवीचा नमुना अभ्यासक्रम छापला. त्यात ‘डिस्क्रीट स्ट्रक्चर्स’ नावाचा प्राथमिक कोर्स होता. कॉम्प्युटरला सुटे सुटे ० आणि १ कळतात. त्यासाठी लागणारं गणित निरनिराळ्या शाखांतून उचलून एका गाठोड्यात बांधलं गेलं. पुढं ट्रेम्ब्ले-मनोहर (१९७५) आणि लिऊ (१९७७) यांची पुस्तकं आली, ती आपल्याकडेही वाचली गेली.

गाठोडं नवं, माल मात्र जुना. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची. तिच्या अंकपाश प्रकरणात विचारलंय: शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं अदलूनबदलून दिली तर रूपं किती? ३६,२८,८००. शंख, चक्र, गदा, कमळवाल्या विष्णूची २४. म्हणजे तुमचं फॅक्टोरियलच की!

मोजणी एकवेळ जमते. गाडी अडते ती सिद्धतेपाशी. ‘चार उदाहरणं जुळली ना, मग आणखी काय सिद्ध करायचं?’ हा प्रश्न मला रास्त वाटतो. लातूर पॅटर्नला उगाच नावं ठेवू नयेत. सरावानं हात बसतो आणि तो इथंही कामी येतो. पण सरावात दिसलेला पॅटर्न दगा कसा देतो, ते ऑयलरकडून ऐका.

ऑयलर म्हणजे गणितातला बापमाणूस. १७८२ मध्ये छापलेल्या लेखात त्यानं एक कोडं घेतलं. सहा रेजिमेंट, प्रत्येकीत सहा हुद्द्यांचे सहा अधिकारी. हे ३६ जण चौकोनात असे उभे करा, की प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक रेजिमेंट एकदाच आणि प्रत्येक हुद्दाही एकदाच येईल. सहाऐवजी ३, ४ किंवा ५ घेतले तर जमतं. २ ला जमत नाही: कोपऱ्यात क१ उभा केला, तर त्याच्या उजवीकडे ख२ च लागतो आणि खालीही ख२ च, आणि ख२ तर एकच आहे. (झाली की सिद्धता! एवढीच असते ती.) ६ ला ऑयलरला जमेना. मग त्यानं अंदाज बांधला की २, ६, १०, १४ अशा, चारनं भागून बाकी २ उरणाऱ्या कुठल्याच संख्येला हे जमणार नाही.

१९०० मध्ये गास्तों तारी यानं शक्यता तपासून ६ ला खरंच जमत नाही हे दाखवलं. आता बोला! २ जुळलं, ६ जुळलं, वर नाव ऑयलरचं. परीक्षेत आपण एवढ्यावर नियम लिहून पुढच्या प्रश्नाला गेलो असतो.

१९५९ मध्ये हा अंदाज कोसळला. तो पाडणाऱ्या तिघांतले एक आपले शरदचंद्र श्रीखंडे: जन्म सागरचा, शिक्षण नागपूरला, पुढं मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख. त्यांनी आणि त्यांचे गुरू राजचंद्र बोस यांनी २२ साठी रचना उभी केली, अर्नेस्ट पार्कर यांनी १० साठी. मग तिघांनी मिळून सिद्ध केलं की २ आणि ६ सोडले तर सगळीकडे जमतं. न्यूयॉर्क टाइम्सनं ही बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेले.

घरी पत्ते असतील तर चारही रंगांचे एक्का, राजा, राणी, गुलाम काढा. १६ पत्ते, ४×४ चा चौकोन, अट तीच. हे जमतं.