सातू : वेतनाचे व पथ्याचे धान्य

कुवेतच्या फरवानिया प्रांतात रिग्गई ही परदेशी नोकरदारांची दाट वस्ती आहे. तेथील मराठी घरांत सुटीवरून परतताना जे डबे येतात, त्यांत मेतकुटाच्या शेजारी सातूचे पीठ बहुधा असतेच. दूधगूळ घालून कालवले की मुलांची न्याहारी होते. मात्र हे पीठ आजकाल भाजलेले गहू व डाळे यांचे असते; त्यात सातूचा दाणा औषधालाही सापडत नाही. उलट ज्यास खरोखर सातू म्हणावे ते धान्य तेथीलच दुकानात 'शईर' या अरबी नावाने विकावयास ठेवलेले असते, आणि ते पुष्कळांच्या ओळखीचे नसते.

संस्कृत यव, हिंदी जौ, मराठी जव किंवा सातू, अरबी शईर आणि इंग्रजांची बार्ली ही एकाच धान्याची नावे होत. (जवस निराळे, ते तेलबी आहे. नावाच्या साम्याने फसून जवस घरी आणणारे काही थोडे नाहीत.) भाजलेल्या यवाच्या पिठास संस्कृतात सक्तु म्हणत. त्याचाच मराठीत सातू झाला. प्रथम पिठाचे नाव धान्यास लाभले. कालांतराने धान्य घरातून गेले, आणि नाव तेवढे पुन्हा पिठापाशी येऊन राहिले.

हे धान्य महाराष्ट्रास परके होते असे कोणी समजू नये. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या वतीने सांकळिया, ढवळीकर व अन्सारी या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० पर्यंत नांदलेली शेतकऱ्यांची वसाहत त्यातून उजेडात आली. मसूर, वाटाणा, कुळीथ हीही धान्ये तेथे मिळाली. परंतु त्या लोकांचे मुख्य पीक सातू हेच होते. नदीचे पाणी अडविण्यासाठी बांध व ते वळविण्यासाठी पाट त्यांनी केला होता. एका मोठ्या, पाच खोल्यांच्या घराशेजारी धान्याचे कोठार आढळले. त्या घरात राहणारा प्रमुख गावकऱ्यांकडून धान्यरूपाने कर घेत असावा, असा उत्खननकर्त्यांचा तर्क आहे. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान घटले. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली, आणि अखेर गाव उठले. पुढील काळात आफ्रिकेतून आलेल्या ज्वारी व बाजरी या कमी पाण्यावर तग धरणाऱ्या धान्यांनी दख्खनची भूमी व्यापली. आज जी भाकरी मराठीपणाची खूण म्हणून मिरविली जाते, तिचे धान्य असे समुद्रापलीकडचे आहे.

सातू गेला तरी धर्मकृत्यांनी त्यास सोडले नाही. श्राद्धात पितरांस तीळ, तर विश्वेदेवांस यव लागतात. मोजमापातही तो टिकून राहिला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ यवांचे एक अंगुल धरलेले आहे, इंग्रजांचा इंच मुळात तीन यवांचा होता, आणि सुमेरात १८० दाण्यांचा एक शेकेल होई.

सुमेराचा देश कुवेतच्या उत्तरेस, आजच्या दक्षिण इराकमध्ये होता. कुवेतच्या समोरील फैलका बेटावर डेन्मार्कच्या संशोधकांनी १९५८ पासून उत्खनन केले, तेव्हा चार हजार वर्षांपूर्वीची दिलमुन संस्कृतीची वस्ती तेथे सापडली. सुमेर आणि सिंधू यांच्यामधील सागरी व्यापाराचे दिलमुन हे ठाणे होते. सुमेराच्या सपाट, खारावत जाणाऱ्या जमिनीत गव्हापेक्षा यव अधिक तग धरी. म्हणून देशाचा सारा व्यवहार यवावर चाले. देवळांच्या व राजवाड्यांच्या मातीच्या पाट्यांवर मजुरांचा शिधा नोंदलेला आहे. पुरुषास साधारणपणे महिन्याला ६० सिला, म्हणजे सुमारे ६० लिटर यव. स्त्रीस त्याच्या निम्मे. मुलांस वयाप्रमाणे त्याहूनही कमी.

ज्यांच्या घराण्याची कथा मळ्यावरच्या शिध्याने सुरू होते, त्यांना ही पाटी वाचण्यास भाषांतरकार लागू नये. मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर १८३४ पासून करारबद्ध मजूर जाऊ लागले. पुढे मुंबई बंदरातून गेलेल्या जहाजांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतील मराठी माणसे होती. आरंभीच्या काळात पुरुषास महिना पाच रुपये आणि वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल किंवा तूप असा मोजून दिलेला शिधा मिळे. एक दिवस गैरहजेरी झाली की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. सुमेराचा कारकून व मळ्याचा कारकून यांच्यात चार हजार वर्षांचे अंतर आहे, परंतु त्यांच्या वह्या एकमेकींशेजारी ठेवल्यास कोणास नवल वाटणार नाही. मॉरिशसच्या शिध्यात यव नव्हता. तांदूळ कोकणच्या माणसास नवा नव्हता. घाटावरच्यास मात्र भाकरी अंतरली.

वेतनाचे हे धान्य पथ्याचेही होते. चरकाने यवास रूक्ष, शीत व बल देणारे म्हटले आहे, आणि प्रमेहाच्या रोग्यास यवाचे पदार्थ मुख्य अन्न म्हणून सांगितले आहेत. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेत तीव्र ज्वराच्या रोग्यास यवाची पेज देत. इब्न सिनाच्या ग्रंथात यवाचे पाणी आहेच. अरबांच्या घरी यवाच्या पिठाची पातळ लापशी, तलबीना, आजाऱ्यास व शोकग्रस्तास देण्याची जुनी रीत आहे. मराठी घरांत उन्हाळी लागली की बार्लीचे पाणी पाजतात. ते प्याल्याने पोटात पाणी जाते हा लाभ खराच. पण जंतुसंसर्ग असल्यास डॉक्टरांवाचून गत्यंतर नाही.

आधुनिक शास्त्राने यातील काही भाग तपासून मान्य केला आहे. सातूमध्ये बीटा-ग्लुकान नावाचा विरघळणारा तंतू असतो. तो आतड्यात बुळबुळीत होऊन साखर रक्तात सावकाश जाऊ देतो आणि रक्तातील कोलेस्टेरॉल उतरवितो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ साली सातूच्या पदार्थांस हृदयास हितकर म्हणून निर्देश करण्याची परवानगी दिली. त्यासाठी रोज तीन ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात जावे असे प्रमाण धरले आहे. मधुमेहाचे प्रमाण जगात जेथे सर्वाधिक आहे, अशा देशांत कुवेत व मॉरिशस या दोहोंची गणना होते. चरकाने प्रमेहावर नेमलेले धान्य दोन्हीकडे दुकानात आहे, ही गोष्ट म्हणूनच दुर्लक्षिण्याजोगी नाही. तथापि सातू हे औषधाच्या जागी घ्यावयाचे नव्हे. गव्हातील ग्लुटेन ज्यांस बाधते, त्यांनी सातूही वर्ज्य करावा. बार्लीच्या नावाने बाटलीत विकल्या जाणाऱ्या गोड पेयांत साखर पुष्कळ आणि धान्याचा गुण नावापुरता. त्यांच्या भरवशावर राहू नये.

घरी करावयाचा तर सातू रात्री भिजत घालावा, सकाळी चौपट पाण्यात मऊ शिजवावा आणि ताक, मीठ व जिऱ्याची पूड घालून पेज प्यावी. ज्वारीच्या पिठात चौथाई सातूचे पीठ मिसळले तरी भाकरी चांगली थापता येते. जुन्या रीतीचे पीठ हवे असल्यास टरफल काढलेला सातू मंद विस्तवावर खमंग भाजून, थोडे डाळे, सुंठ व वेलची घालून दळावा. मधुमेह्याच्या वाटीत मात्र गूळ घालू नये. ताकात कालवून द्यावे.