मोडेमच्या वाटणीचा इतिहास
डायल-अप इंटरनेटच्या काळात फोनवरून आलेला प्रत्येक कॉल सेवादाराच्या नेटवर्क ॲक्सेस सर्व्हरवर उतरत असे. ग्राहक हजारो, मोडेम मोजके. ई-वन या एका डिजिटल फोन वाहिनीवर एका वेळी फक्त 30 कॉल. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी भारतात इंटरनेट सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली, तेव्हा मुंबईकरांनाही एंगेज टोन लवकरच परिचयाचा झाला.

सुरुवातीला ग्राहकांची नावे आणि पासवर्ड प्रत्येक सर्व्हरवर वेगळे ठेवावे लागत. अमेरिकेत मिशिगनच्या मेरिट नेटवर्कला हा पसारा एका जागी आणायचा होता. त्यासाठी लिव्हिंगस्टन एंटरप्रायझेसने 1991 मध्ये रेडियस हे प्रोटोकॉल तयार केले. पासवर्ड, आयपी पत्ता, जोडणीची मुदत हे सारे मध्यवर्ती नोंदीत आले. जोडणीचा आरंभ आणि शेवट टिपून त्यावरून बिल काढता येऊ लागले.

मोडेमच्या वाटणीची खरी कसोटी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लागली. दूरसंचार कंपन्या एकच मोडेम-साठा अनेक सेवादारांना घाऊक भाड्याने देऊ लागल्या. कॉल कोणाच्या ग्राहकाचा, हे डायल केलेल्या क्रमांकावरून कळे. नेटवर्क उपकरणे बनवणाऱ्या सिस्कोच्या रिसोर्स पूल मॅनेजमेंट या सुविधेत प्रत्येक सेवादाराचे प्रोफाइल असे: हक्काच्या जोडण्या किती आणि त्यावर जादा किती चालतील. मर्यादा भरली की कॉल उचलण्याआधीच एंगेज टोन मिळे आणि मोडेम अडकत नसे. या रचनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच.

डायल-अप मागे पडले. रेडियस मात्र कार्यालयांतल्या वाय-फाय लॉगिनमागे आजही काम करते.