‘जमेल तितके मिळवा’ या वचनावरील तळटीप

१. लेखकाने येथे अर्धेच वचन घेतले आहे. ते जॉन वेस्ली (१७०३–१७९१) या मेथडिस्ट पंथाच्या प्रवर्तकाचे. १७६० साली छापलेल्या त्याच्या पैशाविषयीच्या प्रवचनात मिळवणे, वाचवणे आणि देणे असे तीन नियम येतात. प्रवचनाचा आधार लूककृत शुभवर्तमानाच्या १६व्या अध्यायातील अन्यायी कारभाऱ्याचा दाखला. मिळवण्यावर वेस्लीने कडक अटी घातल्या आहेत: स्वतःची प्रकृती बिघडवून नाही, शेजाऱ्याला नागवून नाही, दारू गाळणे आणि गहाणवटीचा धंदा त्याला मान्य नव्हता. वाचवायचे ते चैनीचा खर्च टाळून, पण साठवण्यासाठी नव्हे. पैसा बँक ऑफ इंग्लंडमध्ये पुरणे त्याला समुद्रात फेकण्यासारखेच वाटे. (बँकवाल्यांनी हे प्रवचन भिंतीवर लावले नाही, यात नवल नाही.) आधी घरच्यांच्या गरजा, मग श्रद्धाबंधू, मग सर्व माणसे, असा देण्याचा क्रम. दशमांश दिला की सुटलो, हे त्याला पटत नसे. १७८७ च्या एका प्रवचनात तो ऑक्सफर्डच्या एका तरुणाची हकिगत सांगतो: ३० पौंड मिळत तेव्हा २८ मध्ये भागवून २ दिले; पुढे ६० मिळू लागले तरी खर्च २८ च, दान ३२. हा तरुण म्हणजे वेस्ली स्वतः, असे सहसा मानले जाते. काटकसरीने अनुयायी श्रीमंत होतील आणि श्रद्धा आटेल, ही त्याची उतारवयातली धास्ती. ती व्यक्त करणारा वेस्लीचा उतारा माक्स वेबरने प्रोटेस्टंट नीती आणि भांडवलशाही यांवरील आपल्या ग्रंथात घेतला आहे. — संपा.