आसाममधील ‘विदेशी’ प्रश्न व असमियाकरणाचा वाद

पूर्व बंगालमधून (१९४७ ते १९७१ पूर्व पाकिस्तान, त्यानंतर बांगलादेश) आसामात आलेल्यांपैकी नागरिक कोणाला म्हणायचे आणि असमिया कोणाला म्हणायचे, याविषयी शतकभर चाललेला वाद. हे प्रश्न दोन आहेत. पहिल्याचा निवाडा कायदा तारीख आणि कागदपत्रे पाहून करतो, तर दुसऱ्याचा निवाडा समाज भाषा, पेहराव, सणवार आणि विवाहसंबंध पाहून करतो. दिल्लीतल्या चर्चेत दोन्ही प्रश्न एकच धरले जातात. आसामात ते तसे कधीच नव्हते.

यांदाबूच्या तहाने १८२६ मध्ये आसाम ब्रिटिशांकडे आला आणि १८३६ पासून न्यायालयांत व शाळांत बंगाली भाषा लागू झाली. शिवसागरचे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी आणि आनंदराम ढेकियाल फुकन यांच्यासारख्या लेखकांनी असमिया ही स्वतंत्र भाषा असल्याचे पटवून देण्यासाठी खटपट केली, तेव्हा कुठे १८७३ मध्ये तिला आपली जागा परत मिळाली. १८७४ मध्ये आसाम वेगळा प्रांत झाला, पण बंगालीबहुल सिल्हेट जिल्हा त्याला जोडण्यात आला. आपली भाषा आपल्याच मुलखात नाहीशी होऊ शकते, ही धास्ती असमिया मध्यमवर्गाला शेतकरी स्थलांतर सुरू होण्याच्या आधीपासूनच होती. या भीतीला निव्वळ धर्मद्वेष म्हणणारे हा इतिहास विसरतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पूर्व बंगालमधील मयमनसिंह आणि आसपासच्या जिल्ह्यांतील भूमिहीन शेतकरी, बहुसंख्येने मुसलमान, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात येऊ लागले. सरकारला महसूल हवा होता आणि कलकत्त्याच्या गिरण्यांना ताग हवा होता. स्थानिक शेतकरी ज्या पूरग्रस्त चरांवर (नदीतील वाळूची बेटे) वस्ती करत नव्हते, तिथे या लोकांनी जमीन लागवडीखाली आणली. १९२० मध्ये ‘लाइन सिस्टिम’ आली. गावाच्या नकाशावर रेघ ओढून तिच्या एकाच बाजूला स्थलांतरितांना जमीन मिळे. १९३१च्या जनगणनेचे अधीक्षक सी. एस. मुल्लन यांनी अहवालात या स्थलांतराला आक्रमणाची उपमा दिली आणि पुढच्या प्रत्येक पिढीच्या भाषणांत ती उपमा फिरत राहिली. विधिमंडळात मौलाना अब्दुल हमीद खान भाशानी रेघ पुसायची मागणी करीत, तर अंबिकागिरी रायचौधुरी यांच्यासारखे असमिया नेते ती अधिक पक्की करायला सांगत. फाळणीच्या वेळी सार्वमताने सिल्हेटचा बहुतेक भाग पाकिस्तानात गेला.

यानंतर जे घडले ते या वादातले सर्वांत विलक्षण प्रकरण आहे. १९५१च्या जनगणनेत ब्रह्मपुत्रा खोऱ्यातील बंगाली वंशाच्या मुसलमान शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने आपली मातृभाषा असमिया असल्याचे सांगितले. सिल्हेट वगळून मोजले तर असमिया भाषकांचे प्रमाण १९३१ मधील ३१.४ टक्क्यांवरून १९५१ मध्ये ५६.७ टक्क्यांवर गेले. जननदराने एवढी वाढ होत नसते. जनगणनेचे अधीक्षक आर. बी. वाघाईवाला यांनीच अहवालात तिचे कारण सांगितले: आक्रमक भाषिक राष्ट्रवाद आणि मुसलमान व चहामळ्यांतील मजुरांची असमिया म्हणवून घेण्याची इच्छा. चरांवर असमिया माध्यमाच्या शाळा निघाल्या. घरात मयमनसिंहची बोली आणि शाळेत असमिया, अशी पिढी वाढली. या लोकांना ‘न-असमिया’, म्हणजे नवे असमिया, म्हटले जाऊ लागले. संमिलनासाठी आज मागितल्या जाणाऱ्या बहुतेक गोष्टी त्यांनी तेव्हाच देऊ केल्या होत्या. त्यांच्या आकड्यांमुळेच असमिया ही राज्यातली बहुसंख्यांची भाषा ठरली आणि १९६०च्या राजभाषा कायद्याला आधार मिळाला.

त्याच कायद्याने इतरांना मात्र दूर लोटले. बराक खोऱ्यातील बंगाली भाषकांनी विरोध केला आणि १९ मे १९६१ रोजी सिलचर रेल्वे स्थानकावर पोलीस गोळीबारात अकरा जण मारले गेले. डोंगरी जमातींनी वेगळ्या राज्याची मागणी लावून धरली व १९७२ मध्ये मेघालय पूर्ण राज्य झाले. बोडो समाजानेही लिपी, शाळा आणि पुढे स्वायत्त प्रदेश यांसाठी झगडा केला. सांस्कृतिक समावेशनाची सक्ती केली की परके आत येतात आणि आपले बाहेर जातात, असा आसामचा अनुभव आहे.

मार्च १९७९ मध्ये मंगलदै मतदारसंघाचे खासदार हीरालाल पटवारी यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीसाठी याद्या तपासताना हजारो संशयित विदेशी नावे निघाली आणि ‘ऑल आसाम स्टुडंट्स युनियन’ने (आसू) ८ जूनला बंद पुकारला. तिथून सहा वर्षांचे आंदोलन सुरू झाले. सत्याग्रह, तेलाची नाकेबंदी आणि विद्यार्थ्यांचे नेतृत्व ही त्याची एक बाजू. दुसरी बाजू १८ फेब्रुवारी १९८३ची. त्या दिवशी नेल्ली परिसरातील गावांत बंगाली वंशाच्या मुसलमानांची कत्तल झाली. मृतांचा आकडा दोन हजारांच्या आसपास मानला जातो. एकालाही शिक्षा झाली नाही. मृतांतले बरेचसे त्याच ‘न-असमिया’ शेतकऱ्यांचे वंशज होते.

१५ ऑगस्ट १९८५च्या आसाम कराराने तारखा ठरवल्या. १ जानेवारी १९६६ पूर्वी आलेले नागरिक ठरले. तेव्हापासून २४ मार्च १९७१पर्यंत आलेल्यांना दहा वर्षे मताधिकार नाही. त्यानंतर आलेल्यांना शोधून बाहेर काढायचे. नागरिकत्व कायद्यात यासाठी कलम ‘६ अ’ घातले गेले. कराराच्या सहाव्या परिच्छेदात ‘असमिया लोकां’ची सांस्कृतिक, सामाजिक व भाषिक ओळख जपण्यासाठी घटनात्मक संरक्षणाचे वचन आहे, ‘असमिया लोक’ म्हणजे कोण, हे मात्र करारात लिहिलेले नाही.

विदेशी शोधण्याची यंत्रणाही वादग्रस्त ठरली. १९८३चा ‘आयएमडीटी’ कायदा आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर आणि सरकारवर टाकत असे; २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि आपण विदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार माणसावर आला. १९९७ पासून मतदारयादीत काहींच्या नावापुढे संशयित मतदार म्हणून ‘डी’ लागू लागला. राष्ट्रीय नागरिक नोंदणीच्या (एनआरसी) अद्ययावतीकरणात १९७१ पूर्वीचा कागद आणि त्या पूर्वजाशी नाते दाखवणारा दुसरा कागद मागितला गेला. लवकर लग्न झालेल्या, जन्मदाखला नसलेल्या स्त्रियांकडे दुसरा कागद म्हणून फक्त ग्रामपंचायत सचिवाचा दाखला होता. तो चालेल की नाही हे ठरायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ज्यांचा चरच नदीने गिळला त्यांच्या घरातले कागद कुठे शोधणार? ३१ ऑगस्ट २०१९च्या अंतिम यादीतून सुमारे ३.३० कोटी अर्जदारांपैकी १९,०६,६५७ जण वगळले गेले. त्यांत बंगाली हिंदूही मोठ्या संख्येने निघाले, त्यामुळे यादीचे कैवारीच तिच्यावर नाराज झाले.

डिसेंबर २०१९ मधील नागरिकत्व सुधारणा कायद्याला आसामात झालेला विरोध देशातील इतर विरोधाहून वेगळा होता. अन्यत्र आक्षेप धर्मावर नागरिकत्व देण्याला होता. गुवाहाटीतल्या निदर्शकांचे म्हणणे होते की हिंदू असो वा मुसलमान, १९७१ नंतरचा कोणीही नको.

भाषेच्या आघाडीवर मात्र ‘न-असमियां’ची नवी पिढी पलटली. २०१६च्या सुमारास कवी हाफिज अहमद यांच्यापासून ‘मिया कविता’ सुरू झाली. ‘मिया’ ही बंगाली वंशाच्या मुसलमानांना दिली जाणारी शिवी कवींनी स्वतःचे नाव म्हणून घेतली आणि काहींनी चरांवरच्या बोलीत लिहिले. २०१९ मध्ये या कवितेवरून दहा जणांवर गुन्हा नोंदवला गेला. एरवी अल्पसंख्याकांची बाजू घेणारे विचारवंत हीरेन गोहाईं यांनीही बोलीत लिहिण्यावर टीका केली. २०२२ मध्ये गोलपाड्यात एका घरात उघडलेले ‘मिया संग्रहालय’ काही दिवसांतच सील झाले. त्यातल्या नांगर, मासेमारीची साधने यांसारख्या वस्तू असमिया शेतकऱ्यांच्याच आहेत, असा सरकारपक्षाचा आक्षेप होता. संमिलन पूर्ण झाल्याची याहून चांगली साक्ष मिळणे कठीण. पण ती देणाऱ्यांना ते अभिप्रेत नव्हते.

असमिया भाषकांचे प्रमाण १९९१ मध्ये ५७.८ टक्के होते, ते २०११ मध्ये ४८.४ टक्क्यांवर आले. माणसे बदलली की माणसांनी सांगितलेली भाषा बदलली, हे या आकड्यावरून ठरत नाही. १९५१च्या वाढीवरूनही ते ठरले नव्हते.

दरम्यान राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये गोरिया, मोरिया, जुलहा, देशी व सय्यद या पाच मुस्लिम गटांना ‘खिलंजीया’, म्हणजे मूळनिवासी, मानले. २०२४ मध्ये मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांनी मियांना तसे म्हणवून घ्यायचे असल्यास बालविवाह व बहुपत्नीत्व सोडावे, सत्रांच्या (वैष्णव मठांच्या) जमिनींवर अतिक्रमण करू नये, अशा अटी सांगितल्या. ज्या आहोमांनी आसामवर सहा शतके राज्य केले ते स्वतः सुकाफासोबत १२२८ मध्ये पूर्वेकडून आले व ताई भाषा सोडून असमिया झाले. त्यांना अशा अटी कोणी घातल्याची नोंद नाही.

१७ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ‘६ अ’ चार विरुद्ध एक मताने वैध ठरवले, न्या. पारडीवाला यांचे मत विरोधी होते. आसाम कराराच्या सहाव्या परिच्छेदासाठी नेमलेल्या बिप्लब शर्मा समितीने २०२० मध्येच आपला अहवाल दिला होता आणि ‘असमिया’ ठरवण्यासाठी १९५१ हे वर्ष सुचवले होते. म्हणजे नागरिकत्वाला १९७१ आणि असमियापणाला १९५१.